सोलापूरची सेटलमेंट, विनिपेगच्या आया आणि गाझा

"आधी आपल्या देशाचं बघा, मग गाझाचं." भावंडांच्या ग्रुपवर दादाने हे टाकलं तेव्हा जुलै 2025 चालू होता. आझाद मैदानावर गाझासाठी निदर्शनं करू द्या म्हणून माकप मुंबई हायकोर्टात गेलेली आणि कोर्टाने याचिका फेटाळताना साधारण हेच सुनावलेलं, की आपल्याकडे प्रश्न काय कमी आहेत का. (पुढे ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर निदर्शनं झाली.) दादाच्या मेसेजखाली पटापट अंगठे आले. मी काही लिहिलं नाही, पण ते डोक्यातून जाईना, कारण मी राहते त्या शहरात नेमकं उलटं बघते. "आधी आमचं बघा" म्हणायचा हक्क ज्या बायकांना सगळ्यात जास्त आहे, त्याच गाझासाठी उणे वीसच्या थंडीत उभ्या राहतात.

मी तेरा वर्षं विनिपेगला आहे. कॅनडात मूळ रहिवाशांची, म्हणजे फर्स्ट नेशन्स, मेटी, इन्युइट लोकांची दीड लाखाहून जास्त मुलं सरकारच्या पैशाने चालणाऱ्या चर्चच्या निवासी शाळांत घातली गेली, 1920 नंतर तर कायद्याने सक्तीच. केस कापायचे, स्वतःची भाषा बोललं की मार, आणि हजारो मुलं घरी परत आलीच नाहीत. शेवटच्या शाळा 1990 च्या दशकात बंद झाल्या, तेव्हा मी सोलापुरात शाळेत जात होते, इतकं हे जवळचं आहे. शाळा बंद झाल्या तरी मुलं नेणं थांबलं नाही. इथे 'बर्थ अलर्ट' नावाचा प्रकार होता, बाई गरोदर असतानाच बालकल्याणवाले हॉस्पिटलला कळवून ठेवायचे की हिचं बाळंतपण झालं की आम्हाला सांगा, आणि मग कित्येकदा बाळ दोन दिवसांचं असतानाच उचलून न्यायचे. मॅनिटोबात, म्हणजे विनिपेग ज्या राज्यात आहे तिथे, हे 1 जुलै 2020 ला बंद झालं. माझी धाकटी 2018 ची. आम्ही तिला घेऊन घरी निघालो तेव्हा नर्सने कारसीटचा पट्टा तेवढा तपासला आणि ऑल द बेस्ट म्हणाली. त्याच शहरात त्याच वर्षी दुसरी एखादी बाई हॉस्पिटलमधून रिकाम्या हाताने घरी जात असेल हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. कॅनडाच्या 2021 च्या जनगणनेत पंधरा वर्षांखालच्या मुलांत मूळ रहिवाशांची मुलं आठ टक्क्यांहून कमी, आणि फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे आईबापांपासून काढून दुसऱ्यांच्या घरी ठेवलेल्या मुलांत निम्म्याहून जास्त.

आणि मग लँडफिल. 2022 मध्ये इथे एका खुन्याने चार मूळ रहिवासी बायका मारल्या, त्यातल्या मॉर्गन हॅरिस आणि मार्सेडिस मायरन या शहराबाहेरच्या कचरा डेपोत आहेत हे पोलिसांना माहीत होतं, तरी शोधणार नाही म्हणाले. पुढे तेव्हाच्या राज्य सरकारनेही नाही म्हटलं. मॉर्गनची मुलगी कँब्रिया आणि बाकीचे नातेवाईक तंबू ठोकून बसले, सरकार बदललं, डिसेंबर 2024 मध्ये उकरणं सुरू झालं आणि मार्च 2025 मध्ये सापडलेले अवशेष या दोघींचेच असल्याचं नक्की झालं. हे लोक जेव्हा ढिगाऱ्याखाली मुलं शोधणाऱ्या गाझातल्या आयांबद्दल बोलतात तेव्हा त्यांना कोणी समजावून सांगावं लागत नाही.

गाझासाठीच्या मोर्चाला मी पहिल्यांदा गेले ती पॅलेस्टिनी शेजारणीमुळे. तिचं आजोळ 1948 मध्ये, इस्राएल झाला तेव्हा, उठवल्या गेलेल्या सात लाख पॅलेस्टिनींतलं. तिच्याकडे आजीचा भरतकाम केलेला झगा आहे, प्रत्येक गावाची नक्षी वेगळी असायची म्हणे, गाव राहिलं नाही पण नक्षी आहे. मोर्चात रिबन स्कर्ट घातलेल्या एक क्री (इथल्या फर्स्ट नेशन्सपैकी एक) आजी होत्या, त्यांनी तो झगा हातात घेतला आणि टाके मोजत बसल्या, मग स्वतःचं मण्यांचं काम दाखवलं. घोषणा चालू होत्या आणि या दोघी दोऱ्याबद्दल बोलत होत्या. गाझात जुलै 2025 च्या अखेरीपर्यंत तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांप्रमाणे 60 हजारांहून जास्त माणसं मेली होती, त्यात 18 हजारांहून जास्त मुलं.

दादा म्हणेल 7 ऑक्टोबर 2023 चं काय. ते मी विसरत नाही, विनिपेगला ते विसरताच येत नाही. त्या दिवशी हमासने साधारण 1200 माणसं मारली, त्यात इस्राएलमधल्या बेरी किबुत्झमध्ये (सामूहिक वसाहतीत) राहणाऱ्या विवियन सिल्वर होत्या, जन्माने विनिपेगच्या. गाझातल्या पेशंटना स्वतःच्या गाडीतून इस्राएलच्या हॉस्पिटलला नेणारी बाई ती. तीनच दिवस आधी, 4 ऑक्टोबरला, त्यांच्या 'विमेन वेज पीस' या शांततेसाठीच्या इस्राएली संघटनेच्या बायका पॅलेस्टिनी बायकांच्या 'विमेन ऑफ द सन'बरोबर जेरुसलेममध्ये एकत्र चालल्या होत्या, दोन्हीकडच्या आया. आपली बेने इस्राएल मंडळी, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी ज्यू, तिकडे आहेत, त्यांची काळजी वाटणं बरोबरच आहे, मलाही वाटते. पण त्यासाठी गाझातल्या आईकडे पाठ फिरवायची हे मला पटत नाही, विवियनबाईंना तर अजिबात पटलं नसतं.

त्या क्री आजींनी मला विचारलं, तुमच्याकडे इंग्रजांनी काय केलं? मी मिठाचा सत्याग्रह वगैरे सांगायला लागले तर म्हणाल्या, मुलांचं काय केलं? तेव्हा मला एकदम सेटलमेंट आठवली. इथे आल्यावर मला बँक खातं, हेल्थ कार्ड काढून द्यायला सरकारची 'सेटलमेंट वर्कर' होती. पॅलेस्टाईनमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवर वसतात ती सेटलमेंट. आणि सोलापुरात सेटलमेंट म्हणजे जिथे पारधी, कैकाडी अशा लोकांना गुन्हेगार जमात ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी. गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा, आणि विनिपेगची जमीन मूळ रहिवाशांकडून ज्या 'ट्रीटी वन'ने गेली तोही करार 1871 चाच, एकाच राणीच्या नावाने. 1911 च्या कायद्यात तर मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत घालायची सोयच होती. 1952 च्या 31 ऑगस्टला कायदा रद्द होऊन देशभर हा शिक्का काढला गेला.

आजी म्हणाल्या, मग सेटलमेंटमधल्या आया काय सांगतात? मला काहीच सांगता आलं नाही. आमच्या घरापासून सेटलमेंट रिक्षाने दहा मिनिटं. लहानपणी एवढंच ऐकलं होतं की तिकडे जायचं नाही, आणि आमच्यातलं कोणी गेलंही नाही.

दादाला मी एवढंच लिहिलं, की डिसेंबरमध्ये येतेय, मला सेटलमेंटमध्ये घेऊन चल. तो ये म्हणालाय.