पोर्टलमध्ये नाव टाकलं म्हणजे पोरगा मोकाट सुटला, असं नाही

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल (लांबट चेंडूचं, हेल्मेट घालून खेळतात ते) एक तक्रार सध्या सगळीकडे फिरते आहे. टीव्हीवर बसलेले माजी कोच ती करतात, चाहते ती पुढे ढकलतात, आणि ज्यांची मुलं तिथल्या हायस्कुलात खेळतात अशा आपल्या मंडळींच्या ग्रुपांवरही ती येऊन पोचते. तक्रार थोडक्यात अशी: नियम म्हणून काही उरलेलंच नाही. कॉलेजं पोरांना फुकट सहली घडवतात, पोरं वाटेल तेव्हा संघ बदलतात, अभ्यासाचं नाव नाही, वयाची अट नाही, आणि पूर्वीची निष्ठा तर पार गेली. एनसीएए, म्हणजे हे सगळं चालवणारी संस्था, हात बांधून बघत बसली आहे.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. तिथे नंतर येऊ.

सहलींपासून सुरुवात करू. पूर्वी एका मुलाला पाचच ‘ऑफिशियल व्हिजिट’, म्हणजे कॉलेजच्या खर्चाने कॉलेज बघायच्या भेटी, करता येत. जुलै २०२३ पासून ती मर्यादा गेली, त्यामुळे ‘कितीही’ हा शब्द बरोबर आहे. पण एका कॉलेजला एकदाच. मधल्या काळात मुख्य कोच बदलला तरच पुन्हा. प्रवास, दोन रात्रींचा मुक्काम आणि जेवण यांचा खर्च कॉलेज करतं, आईवडील सोबत असतील तर त्यांचाही. ‘अनऑफिशियल’ भेटीला वाटेल तितक्या वेळा जा, पण पदरमोड करून. त्यात कॉलेजकडून सामन्याची दोन-तीन तिकिटं मिळतात, एवढंच. खासगी विमानं आणि महागड्या हॉटेलांचा थाट पूर्वी होता. भरतीसाठी आलेल्या मुलांना दारूच्या पार्ट्यांना नेल्याच्या आरोपांचं कोलोरॅडो विद्यापीठातलं प्रकरण चिघळल्यावर एनसीएएने २००४ साली त्यावर नियम आणले. वर्षातल्या ठरावीक ‘डेड पिरियड’मध्ये तर कोचला मुलाला प्रत्यक्ष भेटताही येत नाही.

हे नियम कागदावरच असतात म्हणणाऱ्यांनी टेनेसी विद्यापीठाला विचारावं. कोविडमुळे मार्च २०२० ते मे २०२१ सलग डेड पिरियड होता. त्या काळातही तिथे मुलांना बोलावलं जात होतं आणि अनऑफिशियल भेटींचा खर्च परस्पर उचलला जात होता. जुलै २०२३ मध्ये निकाल लागला: सर्वांत गंभीर श्रेणीतले १८ ठपके, ८० लाख डॉलरहून जास्त दंड, पाच वर्षं प्रोबेशन. त्याच डेड पिरियडमध्ये मिशिगनचे जिम हार्बो यांनी दोन मुलांना बर्गर खाऊ घातल्याचं प्रकरण गाजलं. लोक अजून हसतात की बर्गरपायी शिक्षा झाली. शिक्षा मुख्यतः चौकशीत सहकार्य न केल्याची आणि खरं न सांगितल्याची होती, आणि ती कॉलेज फुटबॉलपासून चार वर्षं दूर ठेवणारी होती. तोवर ते व्यावसायिक लीगमध्ये निघून गेले होते, हा भाग वेगळा. कोच मंडळींच्या अशा निघून जाण्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

आता ‘वाटेल तेव्हा संघ बदला’ हा मुख्य मुद्दा. ट्रान्सफर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालं. ती एक यादी आहे. खेळाडूने सांगितल्यावर कॉलेजने दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचं नाव त्यात घालायचं, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांना त्याच्याशी बोलता येतं. नाव घालायला ठरावीक मुदत असते, आणि ही मुदत दरवर्षी आखडत गेली आहे. २०२२ मध्ये वर्षाला एकूण ६० दिवस होते, मग ४५ झाले, मग ३०. २०२६ साली एकच खिडकी ठेवली, २ ते १६ जानेवारी. एप्रिलची खिडकी बंदच केली. अंतिम सामना खेळणाऱ्या संघांना थोडे जास्त दिवस दिले आणि मुख्य कोच बदलला तर वेगळी १५ दिवसांची सवलत. ज्या गोष्टीला लोक मोकाटपणा म्हणतात तिचं कॅलेंडर चार वर्षांत ६० दिवसांवरून १५ वर आलं आहे.

आणि नाव टाकलं म्हणजे काम झालं असंही नाही. वधूवर सूचक मंडळात नाव नोंदवलं म्हणून कोणी कार्यालय बुक करत नाही. नाव टाकल्यावर जुनं कॉलेज त्या सत्राच्या शेवटी स्कॉलरशिप थांबवू शकतं. नाव मागे घेतलं तरी परत घ्यायचं की नाही ही त्यांची मर्जी. बातमी होते ती कोट्यवधींचा करार करणाऱ्या क्वार्टरबॅकची (चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू). ज्याला नवीन जागा मिळाली नाही आणि जुनीही गेली, त्याची होत नाही.

या बाबतीत नियमाला भोक आहे, हे मान्य करायला हवं. डिसेंबर २०२४ मध्ये विस्कॉन्सिनच्या झेव्हियर लुकासने पोर्टलमध्ये नाव घाला म्हणून सांगितलं. आमच्याशी करार झालेला आहे म्हणत विद्यापीठाने नकार दिला. त्याने विस्कॉन्सिनमधला प्रवेशच रद्द केला, मायामी विद्यापीठात साध्या विद्यार्थ्यासारखा प्रवेश घेतला आणि पुढच्या सीझनला तिथून खेळला. एनसीएएने सांगितलं की असं करायला आमचे नियम आड येत नाहीत. विस्कॉन्सिनने मग २०२५ मध्ये मायामीवर दावा लावला. पोर्टलमध्ये नाव येण्याआधीच दुसऱ्या कॉलेजाने खेळाडूशी संधान बांधायला बंदी आहे, पण ती बंदी राबवणं एनसीएएला जमलेलं नाही. ‘पोरं वाटेल तेव्हा संघ बदलतात’ हे तक्रारीतलं वाक्य अर्धं खरं आहे ते यामुळे.

‘पूर्वी निष्ठा होती’ या वाक्याने मात्र माझं डोकं फिरतं. पूर्वी दंड होता. फुटबॉलमध्ये कॉलेज बदललं की एक अख्खा सीझन बाहेर बसावं लागे. बेकर मेफिल्डचं उदाहरण घ्या. २०१३ मध्ये तो टेक्सास टेकमध्ये विनास्कॉलरशिप दाखल झाला, फी घरची. पहिल्याच वर्षी पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. मग दुखापत झाली, जागा गेली. जानेवारी २०१४ मध्ये तो ओक्लाहोमाला गेला, तिथेही स्कॉलरशिपशिवाय. कॉलेजचा एक पैसा ज्याच्यावर खर्च झाला नव्हता, त्याला २०१४ चा पूर्ण सीझन बसवलं. शिवाय दोन्ही कॉलेजं बिग ट्वेल्व्ह या एकाच गटातली, म्हणून गटाच्या नियमाने त्याच्या पात्रतेचं, म्हणजे खेळायची परवानगी असलेल्या वर्षांतलं, एक वर्षही कापलं. जून २०१६ मध्ये गटाने यावर मतदान घेतलं. पहिल्यांदा ५ विरुद्ध ५, प्रस्ताव पडला. दुसऱ्या दिवशी शब्दरचना बदलून ७ विरुद्ध ३ ने मंजूर झाला आणि त्याला २०१७ चं वर्ष परत मिळालं. त्याच वर्षी त्याने हाइसमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, जिंकली. आदल्या दिवशीच्या ५-५ वर गाडं अडलं असतं तर तो सीझन झालाच नसता.

आणि कोचना काय नियम? कसलाही नाही. २०२१ मध्ये लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून यूएससीला गेले, ब्रायन केली नोत्र दाम सोडून एलएसयूला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लेन किफिन यांनी ओल मिस सोडलं, संघ प्लेऑफच्या उंबरठ्यावर असताना. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा कराराप्रमाणे त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम लागू झाली. निष्ठेची अपेक्षा फक्त एकोणीस वर्षांच्या पोराकडून का?

‘एनसीएएने सगळं सोडून दिलं’ हेही तसं नाही, कोर्टाने सोडायला लावलं. एप्रिल २०२१ मध्ये बाहेर न बसता एकदा कॉलेज बदलायची मुभा आली. त्याच जुलैपासून खेळाडूंना नावाचे नि जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले, म्हणून लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात. दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांवरची बंदी सात राज्यांच्या दाव्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायाधीशांनी १३ डिसेंबर २०२३ रोजी थांबवली, आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने नियमच बदलला.

त्या बदललेल्या नियमातली अट कोणी पुढे पाठवत नाही. लगेच खेळायचं तर अभ्यासात पात्र असावं लागतं. तिसरं वर्ष सुरू होण्याआधी पदवीचा ४० टक्के भाग पुरा, मग ६०, मग ८०. कॉलेज बदललं की जुने सगळे क्रेडिट नवीन ठिकाणी धरले जातीलच असं नाही, आणि न धरलेले क्रेडिट या टक्केवारीतून गळतात. दोनदा-तीनदा कॉलेज बदलणाऱ्याची गाडी इथेही अडू शकते.

राहिलं वय. नियम पाच वर्षांत चार सीझनचा आहे. चारपर्यंत सामने खेळून बाहेर बसलात तर तो सीझन धरला जात नाही. क्वार्टरबॅक डिएगो पाविया दोन वर्षं दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या लष्करी कॉलेजात, दोन वर्षं न्यू मेक्सिको स्टेटमध्ये खेळून व्हँडरबिल्टला आला. २०२४ चा सीझन चालू असतानाच तो कोर्टात गेला आणि त्या छोट्या कॉलेजचं वर्ष मोजू नये असा तात्पुरता आदेश त्याने मिळवला. २०२५ मध्ये तो पुन्हा खेळला. एनसीएएने तशाच इतर खेळाडूंनाही त्या एका वर्षापुरती सूट दिली. ही नियम संपल्याची खूण नाही, पण याची झळ बसते ती हायस्कूलच्या मुलांना. २०२५ पासून, खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यातल्या नव्या तडजोडीत सामील कॉलेजांना संघात १०५ च खेळाडू ठेवता येतात. जुना एक थांबला की नव्याची एक जागा जाते. तेव्हा मुलाला घेऊन व्हिजिटला जाणार असाल तर स्टेडियमचे फोटो काढण्याआधी विचारा, त्याच्या जागेवर सध्या कोण खेळतो आणि त्याची किती वर्षं उरली आहेत. आणि लेखी ऑफर कधी देणार तेही विचारा, कारण ती बारावीच्या वर्षी १ ऑगस्टच्या आधी देताच येत नाही, आणि तोंडी ऑफर कॉलेजवरही बंधनकारक नसते, मुलावरही नसते.