गाणगापूरची आजी आणि इन्सुलिनची झोप : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वेड आणि त्यावरचे उपचार यांच्या इतिहासावर मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. उत्तराला आठ दिवस लागले, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. आपले म्हणणे थोडक्यात असे : लेखात इतिहास म्हणजे अंधारातून उजेडाकडे जाणारा सरळ रस्ता असल्यासारखा रंगवला आहे आणि त्या रस्त्यावर दिवे लावणारे सगळे डॉक्टरच आहेत, आपल्याकडे वेड्या माणसाला घरातच सांभाळत, कोंडून ठेवण्याची रीत इंग्रजांनी आणली, आणि आपल्या आजींना १९६० च्या दशकात जे झाले होते, ते एकाही गोळीवाचून गाणगापुरात बरे झाले. आजी तीन महिने रात्र रात्र झोपत नसत, जात्यावरच्या ओव्या मोठमोठ्याने म्हणत, घरातली भांडी शेजाऱ्यांना वाटून टाकत. थोरल्या बहिणीने त्यांना गाणगापूरला नेले, दोघी चाळीस दिवस तिथे राहिल्या आणि परतल्या तेव्हा आजी पूर्ववत झाल्या होत्या. ‘हे कोणत्या विज्ञानाने केले ते सांगा,’ असे आपण विचारले आहे. शेवटी जाता जाता आपण असेही लिहिले आहे, की पुतण्याला सिव्हिलमध्ये लिथियम हे मनोविकारावरचे औषध सुरू केले असून ते चालू ठेवावे की नाही याबद्दल घरात दोन मते आहेत. मला अस्वस्थ केले ते या ओळीने, आणि उत्तर लांबले तेही तिच्यामुळेच. मी डॉक्टर नाही. या शहरात एकतीस वर्षे औषधांचे दुकान चालवलेला माणूस आहे. पुढचे त्या बेताने वाचावे.

पहिला आक्षेप मान्य करतो, आणि आपल्या नजरेतून सुटलेली एक चूक मीच दाखवतो. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात फिलिप पिनेल यांनी १७९३ मध्ये वेड्यांच्या साखळ्या तोडल्या, असे मी लिहिले होते. हा प्रसंग चित्रकारांनी रंगवला, पुस्तकांनी उचलला आणि माझ्यासारख्यांनी पडताळून न पाहता पुढे ढकलला. पिनेल १७९३ मध्ये तिथे रुजू झाले एवढेच खरे. १७९५ मध्ये ते साल्पेत्रिएर या स्त्रियांच्या इस्पितळात गेले. बिसेत्रमधल्या साखळ्या निघाल्या १७९७ मध्ये, आणि त्या काढल्या वेड्यांच्या विभागाचे अधीक्षक झां-बाप्तिस्त प्युसें यांनी. प्युसें डॉक्टर नव्हते. गंडमाळेचा रोगी म्हणून ते त्याच इस्पितळात आले होते आणि बरे झाल्यावर तिथेच नोकरीला लागले. त्यांचे ऋण पिनेल यांनी लिहून मान्य केले आहे. विसरलो ते आपण.

जुने ते सगळे भूतपिशाच आणि नवे ते सगळे शास्त्र, ही विभागणीही टिकत नाही. चरकसंहितेत उन्मादाचे, म्हणजे एकूणच वेडाचे, पाच प्रकार आहेत : चार वात, पित्त, कफ या दोषांचे (तिन्ही एकत्र बिघडले तो चौथा) आणि पाचवा आगंतू, म्हणजे बाहेरच्या बाधेचा. तरीही त्याच ग्रंथाच्या निदानस्थानात ‘नैव देवा न गन्धर्वा न पिशाचा न राक्षसाः’ अशी सुरुवात करून, ज्याने स्वतःला क्लेश ओढवून घेतलेले नाहीत त्याला यांपैकी कोणीही पीडा देत नाही, असे बजावले आहे. ही ओळ अभिमानाने सांगावी अशीच आहे. मात्र त्याच उन्मादासाठी चिकित्सास्थानात चाबकाचे फटके, अंधाऱ्या खोलीत कोंडणे, दात काढलेल्या सापाने आणि माणसाळवलेल्या सिंहाने भेदरवणे हेही उपाय दिले आहेत, आणि ते झाकून ठेवता येणार नाहीत. कारण दैवी मानले की वागणूक क्रूर आणि कारण शरीरात शोधले की वागणूक दयाळू, असे हे गणित कुठेच सुटत नाही.

दुसरा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. १८५८ च्या आणि पुढे १९१२ च्या कायद्याने वेडा माणूस पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्या अखत्यारीतली बाब झाला, हे खरे. त्याची खूण आपल्या बोलण्यातही उरली आहे. सोलापुरातल्या शाळेत आम्ही एकमेकांना ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणायचो, आणि तो येरवडा तुरुंगाचा की इस्पितळाचा, असा प्रश्न कोणालाच पडत नसे. आपल्या बाजूने मी आणखी एक साक्ष देतो : तेराव्या शतकातल्या ऋद्धिपूरचे लोक चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांना वेडेही म्हणत आणि ‘राउळ माय, राउळ बाप’ असेही म्हणत, आणि त्यांना त्यात विसंगती वाटत नसे.

परंतु ‘सांभाळणे’ या शब्दात दावेही येते. लहानपणी पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत एका मागवाल्याचा भाऊ मागाच्या खोलीतल्या खांबाला बांधलेला असे. दोर विकतचा नव्हता, कारखान्यातल्याच सुताला पीळ घालून केलेला होता, आणि पायाला काचू नये म्हणून त्याच्या आईने त्याखाली जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली होती. ती पट्टी ती रोज बदलत असे. त्या घरात माया नव्हती असे मी म्हणणार नाही, पण तो माणूस बांधलेला होता. तमिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे आग लागली, तेव्हा २८ मनोरुग्ण मेले, कारण साखळदंडांमुळे त्यांना पळता आले नाही. त्यांतल्या बहुतेकांना घरच्यांनीच, बरे होतील या आशेने, तिथे आणून सोडले होते. कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई करणारे कलम आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आले.

आता आजी. त्यांचे निदान करण्याचा मला अधिकार नाही. पण आपण वर्णन केलेत तसे आजार माणसाला कसे धरतात आणि कसे सोडतात, हे औषधे येण्याच्या कितीतरी आधी लक्षात आले होते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये वेडाच्या दोन मोठ्या जाती वेगळ्या केल्या, त्या मुख्यतः आजाराच्या वाटचालीवरून. एकीत माणूस हळूहळू खालावत जातो. दुसरीत उन्माद (इथे अर्थ बेभान उत्साह) किंवा खिन्नता उसळते, काही महिन्यांनी ओसरते, आणि मधल्या काळात माणूस बरा असतो. त्या वेळी खात्रीचे औषध कोणाजवळच नव्हते, तरी लाट ओसरत असे. अशा आजारात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जो उपाय चालू असेल, त्याच्या पदरात यश पडते, मग तो अंगारा असो नाहीतर विलायती इंजेक्शन.

मग गाणगापूरला काहीच श्रेय नाही का, असे आपण विचाराल. आहे, असे मला वाटते. पण ते कोणते, हे सांगण्यासाठी मला व्हिएन्नाहून वळसा घ्यावा लागेल. तिथे मानफ्रेड साकेल यांनी १९३० च्या दशकात स्किझोफ्रेनियावर, म्हणजे ढोबळमानाने वरच्या पहिल्या जातीच्या आजारावर, एक उपचार रूढ केला. रोग्याला सकाळी इन्सुलिनचे इंजेक्शन द्यायचे, रक्तातली साखर इतकी उतरवायची की तो गाढ बेशुद्ध होईल, आणि मग साखरेचे पाणी देऊन त्याला परत आणायचे. असे आठवड्यातले बहुतेक दिवस, कित्येक आठवडे. काही रोगी परत आलेच नाहीत. तरीही जगभरच्या इस्पितळांत त्यासाठी खास वॉर्ड उघडले गेले, कारण डॉक्टरांना आपल्या डोळ्यांदेखत माणसे सुधारताना दिसत होती. ते खोटे बोलत नव्हते, जसे आपणही बोलत नाही. १९५७ मध्ये ॲकनर, हॅरिस आणि ओल्डहॅम या लंडनच्या डॉक्टरांनी साधी युक्ती केली. रोग्यांचे दोन गट पाडले. एकाला इन्सुलिनने बेशुद्ध केले, दुसऱ्याला झोपेच्या औषधाने, बाकी देखभाल अगदी सारखी ठेवली. दोन्ही गट सारखेच सुधारले, त्यांच्यात फरक दिसला नाही. गुण येत होता तो इन्सुलिनचा नव्हता. ज्या माणसाकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नव्हते, त्याच्या उशाशी रोज सकाळी नर्स बसत होती, त्याला हाताने भरवत होती, तो शुद्धीवर येण्याची सगळे वाट पाहत होते.

आजींचे चाळीस दिवस आता त्या शेजारी ठेवून पाहा. पहाटे भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, दुपारी मधुकरी, ठरल्या वेळी पादुकांचे दर्शन आणि आरती, रात्र पडली की निजानीज. घर नाही, शेजाऱ्यांची कुजबुज नाही, आणि क्षणभरही नजरेआड होऊ न देणारी बहीण. उन्मादात झोप मोडणे हे लक्षणही असते आणि इंधनही. ठरलेल्या वेळी झोपणे-उठणे हा आजही त्या उपचाराचा भाग आहे. राहिला नातेवाइकाच्या सोबतीचा प्रश्न. अमृतसरच्या सरकारी मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नेमके हेच केले : इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून घरच्यांना रोग्याजवळ राहायला बोलावले, आणि वर्षानुवर्षे आत पडून राहणारी माणसे घरी जाऊ लागली. बहीण हा आजींचा अर्धा उपचार होता, असे मी म्हणेन. बाधा उतरली म्हणून बरे वाटले की बहीण जवळ होती म्हणून, हे गाणगापुरात कोणी वेगळे करून पाहिले नाही; आणि ज्यांच्या आज्या गेल्या तशाच परत आल्या, त्यांनी मला प्रतिक्रिया लिहिलेली नाही.

‘मेंदूत सळ्या खुपसणाऱ्यांच्या तोंडी विज्ञान शोभत नाही,’ हे आपले वाक्य झोंबणारे आहे आणि खोटे नाही. मेंदूच्या पुढच्या भागाचे धागे तोडणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी एगाश मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल मिळाले, आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली ती चूक कबूल केल्यामुळे कमी आणि १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे औषध हाती आल्यामुळे जास्त. इन्सुलिनच्या बाबतीत जसे कोणीतरी पडताळून पाहिले, तसे इथे फार उशिरा झाले. डॉक्टरांच्या प्रामाणिकपणावर मी सगळा भार टाकत नाही. पडताळणी झाली की नाही, एवढेच मी पाहतो.

त्याच १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातले जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम चालते, हे प्रसिद्ध केले. त्यांचा पहिला रोगी पाच वर्षे उन्मादात होता. काही आठवड्यांत तो इतका सुधारला, की घरी जाऊन जुन्या नोकरीवर रुजू झाला. मग त्याने औषध सोडले, आजार उलटला, आणि पुन्हा सुरू केलेले लिथियम अंगात साचून विषारी ठरले; १९५० मध्ये तो गेला. रक्तातले लिथियम मोजण्याची सोय तेव्हा त्याच्यासाठी नव्हती, आज आहे. आपल्या घरातल्या दोन्ही मतांचे उत्तर या एका माणसात आहे, असे मला वाटते. पुतण्याने औषध परस्पर सोडू नये, आणि रक्ततपासणीवाचून नुसते घेतही राहू नये.

दुकानात अशा गोळ्या नेणारी माणसे दबक्या आवाजात बोलत. एक वडील दर महिन्याला वैरागकडून येत आणि सांगत, ‘पाकिटावर ॲसिडिटी म्हणून लिवा, पावणे येनार हायत.’ मी लिहीत असे. आज लिहिले नसते, कारण पाकिटावर ॲसिडिटी लिहिले की रक्त तपासून आणा, हे सांगायला जागाच उरत नाही. पुतण्याच्या घरी एवढे सांगावे : सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत घाम गेला की लिथियम रक्तात वाढते, म्हणून पाणी भरपूर प्यावे आणि जेवणातले मीठ एकदम तोडू नये; अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये; जुलाब-उलट्या लागल्या किंवा हात नेहमीपेक्षा जास्त थरथरू लागले, तर त्याच दिवशी सिव्हिल गाठावे. रात्री-अपरात्री विचारायचे असेल तर सरकारच्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलतात. गाणगापूरला जायचे असेल तर अवश्य जावे, मात्र गोळ्या बरोबर न्याव्यात आणि शक्य असेल तर बहीणही.

पिनेल यांच्याविषयीचे वाक्य मूळ लेखात दुरुस्त केले असून प्युसें यांचे नाव तिथे घातले आहे.