मालेनिया सोडून बोला

"व्हिडिओ गेममधला सगळ्यात अवघड बॉस, म्हणजे वाटेत आडवा येणारा बडा शत्रू, कोणता?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: एल्डन रिंगमधली मालेनिया. तिच्या खालोखाल सेकिरोचा इशिन. मग कुणीतरी ब्लडबोर्नमधला ऑर्फन ऑफ कॉस घुसवणार, आणि "तू समन वापरलास, म्हणजे दुसऱ्याला मदतीला बोलावलंस, तुझं मोजायचंच नाही" यावर रात्री दोन वाजेपर्यंत जुंपणार. मला या यादीत फारसा रस नाही. नुसता अवघड बॉस बनवणं हे सोपं काम आहे. हेल्थ बार, म्हणजे त्याचा जीव दाखवणारी पट्टी, तिप्पट करा, एका फटक्यात माणूस आडवा होईल असं करा, मेल्यावर जिथून पुन्हा सुरू करायचं तो सेव्ह पॉइंट लांब नेऊन ठेवा, झाला बॉस तयार. मी बघतो ते एवढंच, की हा बॉस ज्या कारणाने अवघड आहे ते कारण त्याच्या स्वभावातून आलंय का? आलं असेल तर कितीही वेळा मरायला तयार आहे. नसेल तर कंट्रोलर ठेवून जेवायला उठतो.

आमच्या पिढीला बॉस म्हणजे काय ते व्हिडिओ गेम पार्लरने शिकवलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला आईबरोबर जायचं आणि तिचा बाजार होईपर्यंत, हातात पडलेली नाणी संपवत, मशीनसमोर उभं राहायचं. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा. ते नाव घेणारा एकही पोरगा मी पाहिला नाही. सगळ्यांसाठी तो 'मुस्तफा'. शेवटचा फेसेंडन नावाचा डॉक्टर, जो राक्षस होऊन अंगावर येतो, त्याच्यापर्यंत पोचलेला मुलगा म्हणजे आमच्यातला सचिन तेंडुलकर. पण आज मागे वळून बघितलं तर त्या मशीनमधल्या बॉसचा स्वभाव एकच होता, नाणी गिळणं. मॉर्टल कॉम्बॅटमधला चार हातांचा गोरो घ्या नाहीतर मुस्तफातला सुरेवाला, आपण मरायचो आणि कंटिन्यूचे आकडे उलटे मोजायला लागायचे, की हात आपोआप खिशात. त्याला माझी हरकत नाही, दुकानदारालाही पोट होतं. पण पुढे हेच गेम घरात आले, एकदा पैसे मोजून कायमचे आपले झाले, तरी कितीतरी बॉसांनी ती पार्लरची सवय सोडली नाही. तुझं नाणं संपवतो याऐवजी तुझी संध्याकाळ संपवतो, एवढाच फरक.

गोव्याबाहेरच्या लोकांना हे चमत्कारिक वाटतं, पण आमच्या दिवाळीचा हिरो नरकासुर असतो. वाड्यावाड्यावर पोरं कितीतरी रात्री जागून त्याचा सांगाडा उभा करतात, कागद चिकटवतात, डोळे फिरतील, मान हलेल अशी यंत्रं बसवतात. मुखवट्यावरून भांडणं होतात. कृष्ण? ऐनवेळी कुणाचा तरी धाकटा भाऊ धरून आणायचा, निळा रंग फासायचा, मोरपीस खोचायचं, झाला कृष्ण. जो पहाटे जळणारच आहे त्याच्यावर सगळी मेहनत, आणि जो जिंकणारच आहे तो पाच मिनिटांत तयार. (हल्ली त्यात डीजेचा धुडगूस वाढलाय, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.) चांगला बॉस बनवणारे लोक मला या पोरांच्या जातीचे वाटतात. बॉस शेवटी मरणार हे त्यांनाही माहीत असतं आणि आपल्यालाही. जीव ओतायचा तो त्याच्या उभं राहण्यात, वळण्यात, फटका उचलण्यात.

आणि असा जीव कुणी ओतलाय, तर सेकिरोमध्ये. फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा, २०१९. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर झाला, आणि अगदी रास्त झाला. यात ढालीमागे लपणं नाही, लेव्हल वाढवून येणं नाही, मित्राला मदतीला बोलावणं नाही. समोरच्याची तलवार ज्या क्षणी पडते त्याच क्षणी आपली तिला भिडवायची. रक्त काढण्यापेक्षा त्याचा तोल मोडायचा. एकदा हाताला लय लागली की लढाईला तबला-पखवाजाच्या जुगलबंदीसारखा ताल येतो.

त्यातला गार्डियन एप घ्या. मोठा थोरला वानर, विष्ठा फेकून मारतो, त्यामुळे सुरुवातीला हसू येतं. कसाबसा त्याला संपवता, मुंडकं उडतं, विजयाची अक्षरं स्क्रीनवर येतात, आपण कंट्रोलर मांडीवर ठेवतो. आणि तो उठतो. एका हातात स्वतःचं मुंडकं, दुसऱ्या हातात इतका वेळ मानेत रुतलेली तलवार. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी इतका मोठ्याने ओरडलो की बाहेरचा कुत्रा भुंकायला लागला. पण हा नुसता दचकवण्याचा खेळ नाही. सेकिरोची सगळी गोष्टच मरण नाकारणाऱ्यांची आहे. त्या वानराच्या अंगात गोम शिरलीय आणि ती त्याला मरू देत नाही. दुसरा फेज, म्हणजे लढाईचा हा दुसरा टप्पा, अख्ख्या गेमचा विषयच आहे, आपल्या अंगावर धावून येणारा.

इशिन तर त्याहून वर. गेमभर तो आपल्याला भेटत असतो. आजारी म्हातारा, साके पितो, जुन्या लढायांच्या गोष्टी सांगतो, आपल्याला एक विद्याही देतो. शेवटी त्याचा मानलेला नातू गेनिचिरो स्वतःचा गळा चिरून त्याला भर उमेदीच्या रूपात परत आणतो. आपण त्या पांढऱ्या गवताच्या माळावर उभे, समोर इशिन. त्याला आपला राग नाही. नातवाची शेवटची इच्छा म्हणून तो लढतोय, आणि लढायला मिळालं म्हणून आत कुठेतरी खूशही आहे. आधी नुसती तलवार. मग भाला, आणि भाल्याबरोबर पिस्तूल! इतका मोठा तलवारबहाद्दर सरळ पिस्तूल काढतो. कारण त्याची ख्यातीच ती आहे, जिंकण्यासाठी जे हाताला लागेल ते वापरायचं. शेवटच्या फेजमध्ये वीज. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि इथेच गेमची खरी गंमत आहे. वीज परत कशी फेकायची ते आपण आधीच, किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरोशी लढताना, शिकलेलो असतो. हवेत असताना ती अंगावर घ्यायची आणि पाय जमिनीला टेकायच्या आत तलवार फिरवायची. म्हणजे दिसायला सगळ्यात भयंकर असलेला फेज लक्ष देऊन शिकलेल्याला सगळ्यात सोपा जातो. नातवाने शिकवलेलं आजोबांवर वापरायचं.

मी तो जूनमध्ये खेळत होतो. बाहेर खरी वीज, आत इशिनची, आणि ऐन मोक्याला लाईट जायची. गोव्याच्या पावसाळ्यात यूपीएस नसलेल्या माणसासाठी प्रत्येक बॉसला एक फेज जास्त असतो.

आता मालेनिया. एल्डन रिंग, २०२२. ती बॉस म्हणून वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिची कल्पना तर फारच धारदार आहे, तुम्हाला लागलेला प्रत्येक वार तिची जखम भरतो. वार ढालीवर झेललात तरी भरतो. ज्यांनी ब्लडबोर्न खेळलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे मार खाल्ल्यावर लगेच उलटा वार केला की आपलंच गेलेलं रक्त परत मिळायचं. म्हणजे फ्रॉमसॉफ्टवेअरने (तिन्ही गेम त्यांचेच) आपल्याच हातातलं हत्यार काढून बॉसच्या हातात दिलं. भित्रेपणाची शिक्षा, बेफिकिरीचीही शिक्षा. आयुष्यात कधी हरलेली नाही असं सांगणारी बाई लढायलाही तशीच पाहिजे, आणि ती आहे. माझा आक्षेप तिच्या एकाच डावावर, तो वॉटरफाउल डान्स. हवेत जरा थांबते आणि मग वारांचा असा भडिमार, की जवळ उभा असलेल्या माणसाला ते बघून वाचायचं कसं हे उमगत नाही. व्हिडिओ बघून पाठ करावं लागतं. बॉसने स्वतः शिकवलं पाहिजे, यूट्यूबने नव्हे.

पण तिच्यामुळे एक लोककथा मात्र तयार झाली. 'लेट मी सोलो हर' नावाचा खेळाडू, अंगावर कपडे नाहीत, डोक्यावर मडकं, हातात दोन कटाना, म्हणजे जपानी तलवारी. अडलेल्या लोकांच्या गेममध्ये जायचा आणि एकटा मालेनियाला लोळवून निघून यायचा. हजाराहून जास्त वेळा. २०२२ मध्ये गेमची प्रकाशक कंपनी बंदाई नामकोने त्याला खरीखुरी तलवार पाठवली. आमच्याकडे एखाद्या गावाने अशा माणसाची घुमटीच बांधली असती.

ज्याच्यावर माझा खरा राग आहे तो दुसराच. मूळ एल्डन रिंगमधला राडान आठवतोय? समुद्रकाठची ती वाळू, सडून वेडा झालेला सेनापती, आणि त्याच्याखाली तो मरतुकडा घोडा. अंगाने एवढा वाढला तरी आपला घोडा सोडावा लागू नये म्हणून हा माणूस गुरुत्वाकर्षणाची विद्या शिकला. एका घोड्यावरच्या मायेत अख्खं पात्र उभं राहतं. आणि त्याला मारायला जत्रेसारखा उत्सव भरवलेला, जो येईल तो सामील. त्याच राडानला २०२४ च्या 'शॅडो ऑफ द अर्डट्री' या पुरवणी भागामध्ये शेवटचा बॉस करून परत आणलं. तोच माणूस, पण माणूस दिसतच नाही. दुसऱ्या फेजमध्ये प्रत्येक फटक्यामागून प्रकाशाचे असे झोत उठतात की समोर बॉस आहे की पेट्रोमॅक्स तेच कळेना. सप्टेंबर २०२४ च्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या दुरुस्तीत, त्याला थोडा नरम केला, आणि काही हल्ले नीट दिसतील अशी सुधारणाही केली. यातच सगळं आलं. न दिसणं हा काही राडानचा स्वभाव नव्हता.

बोटांची चपळाई न लागणारे बॉस यादीत कुणी घेत नाही, ते तर माझे सगळ्यात लाडके. चाळिशी आली म्हणून नव्हे. मेटल गिअर सॉलिड ३ मधला द एंड हा शंभरी ओलांडलेला स्नायपर. जंगलात तासन्‌तास तो आपल्याला शोधतो, आपण त्याला. लढाई मध्येच सेव्ह करून आठवडाभराने परत आलात, तर म्हातारा वयोमानाने गेलेला असतो! कन्सोलचं घड्याळ पुढे केलं तरी चालतं. वाट बघणं हाच ज्याचा धर्म, त्याला वाट बघूनच मारायचं. हे गेमचा कर्ता कोजिमा, त्यालाच सुचू जाणे.

अंडरटेल या गेममधला सान्स नावाचा सांगाडा त्याच्या बरोबर उलट. गेममधल्या सगळ्यांना ठार मारत आलात तरच तो लढायला उभा राहतो. बाकीचे बॉस शेवटी ठेवतात तो हल्ला तो पहिल्यांदाच करतो, आपला वार आला की सरळ बाजूला होतो, मेनूतसुद्धा हाडं पाठवतो. नियम मोडतोय म्हणून चिडावं, तर आपण काय करून आलोय ते आठवतं. आणि त्याचा शेवटचा खास डाव काय? काहीच नाही. तो स्वतःची पाळी संपवतच नाही, नुसता उभा राहतो, कारण आपण कंटाळून गेम बंद करावा एवढीच त्याची इच्छा आहे. आळशी माणसाची इतकी प्रामाणिक लढाई मी दुसरीकडे पाहिली नाही.

शॅडो ऑफ द कोलोससवर लिहीत नाही. सोळा कोलोसस, मध्ये एकही किरकोळ शत्रू नाही, प्रत्येकाला पाडल्यावर वाईट वाटतं. त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय आणि ते सगळं खरं आहे.

हेडीसबद्दल मात्र सांगायलाच हवं, २०२० चा. पाताळातून पळणारा पोरगा, आणि दारात आडवा उभा बाप. हरलात की थेट घरी, रक्ताच्या कुंडातून वर यायचं. समोर तोच बाप टेबलावर कागदपत्रं करत बसलेला, वर टोमणा मारणार. पुन्हा गेलात की दारात त्याचे शब्द बदललेले. एकच लढाई पुन्हा पुन्हा खेळायची, पण भांडण पुढे सरकत राहतं. ज्याच्या घरात बापलेकांचं कधी वाजलंय त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

आपल्याकडचं काय? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला. बघत राहावा इतका देखणा, आणि शेवटी महाबलासुर. पण तो असुर असा का लढतो, हे मला लढाईतून कळलं नाही, निवेदनातून कळलं. खरं तर आमच्या मातीत बॉसला तोटा नाही. आमोण्याचा वेताळ घ्या. विक्रमाच्या गोष्टीतला त्याचा नियम लहान पोरालाही पाठ आहे: तोंडातून शब्द काढलास की मी चाललो परत झाडावर. यासारखा तयार बॉस फाइट जगात दुसरा नसेल. पीएस ५ च्या कंट्रोलरमध्ये माइक असतोच, तो चालू ठेवायचा. वेताळ पाठीवर बसून चिडवणार, कोडी घालणार, टोमणे मारणार, आणि आपण मसणातून वाट काढत मुकाट लढायचं. एक शब्द निसटला की हेल्थ बार पुन्हा पूर्ण आणि वेताळ झाडावर. बॉस सोपाच ठेवा हवं तर, पॅटर्न दोनच द्या. शिवी न देता बॉस फाइट संपवणारा माणूस मी अजून गोव्यात पाहिलेला नाही.