परदेशातून : बिल कोणी भरले?

इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, एका धर्मादाय संस्थेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, मला 'द गुड फूड गाइड' या ब्रिटनमधल्या हॉटेलांच्या मार्गदर्शक पुस्तकाची जुनी प्रत एका पौंडाला मिळाली. समासात आधीच्या मालकाने पेन्सिलीने बारीक अक्षरांत शेरे लिहिले होते; एका नोंदीपुढे 'मासा उत्तम, वाढपी घाईत' अशा अर्थाची टीप होती. शेवटच्या पानांवर फाडून पाठवायचे कोरे फॉर्म होते आणि त्यांतले दोन फाडून नेल्याच्या खुणा शिवणीशी दिसत होत्या. कुठे जेवलात, कोणत्या तारखेला, काय खाल्ले, किती बिल झाले, एवढीच माहिती त्यात विचारलेली होती. सहीच्या वर मात्र एक ओळ छापलेली होती : या हॉटेलच्या मालकांशी किंवा व्यवस्थापनाशी माझा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणताही संबंध नाही. ती ओळ मी तेव्हापासून विसरलेलो नाही. हॉटेलांविषयीचा सल्ला कागदावर घ्यावा की मोबाइलवर, अशी चर्चा मायदेशी चालते तेव्हा ती मला पुन्हा आठवते.

हे पुस्तक आता त्या रूपात येत नाही. रेमंड पोस्टगेट या इतिहासकार-पत्रकाराने १९५१ साली, म्हणजे ब्रिटनमध्ये युद्धकाळातले रेशनिंग अजून पूर्ण उठलेले नव्हते तेव्हा, त्याची पहिली आवृत्ती काढली. हॉटेलांतल्या वाईट जेवणाला कंटाळलेल्या सामान्य गिऱ्हाइकांनी स्वतःच्या खर्चाने जेवावे आणि प्रामाणिकपणे कळवावे, अशी त्याची कल्पना होती. एखाद्या परीक्षकाला वश करता येते, पण देशभर पसरलेल्या शेकडो अनोळखी गिऱ्हाइकांना कोण वश करणार, हा त्यामागचा साधा हिशेब होता. पुढे अनेक दशके ग्राहक संघटनेने हे पुस्तक चालवले, २०१३ मध्ये ते वेटरोझ या किराणा दुकानांच्या साखळीकडे गेले, आणि महामारीत हॉटेलांचे कंबरडे मोडल्यावर २०२१ मध्ये, बरोबर सत्तराव्या वर्षी, वेटरोझने ते बंद करायचे ठरवले. त्याच वर्षी ॲडम हायमन यांच्या 'कोड हॉस्पिटॅलिटी' या कंपनीने ते विकत घेतले आणि २०२२ पासून ते सभासदांच्या वर्गणीवर चालणारे डिजिटल मार्गदर्शक झाले. हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शकानेही २०२१ पासून ब्रिटन आणि आयर्लंडची छापील आवृत्ती थांबवली.

हे सगळे मी नाशिकच्या माझ्या मावसभावाला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "दादा, कागद गेला ते बरंच झालं. आमच्याकडे तर कागद कधी आलाच नाही, सरळ मोबाइलच आला." तो मिसळीचे हॉटेल चालवतो. त्याचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. मुंबईत इंग्रजी वर्तमानपत्रांनी हॉटेलांची छापील मार्गदर्शके काढली आणि 'बिझीबी' या नावाने लिहिणाऱ्या बेहराम कॉन्ट्रॅक्टर यांच्या खाण्याविषयीच्या स्तंभावर लोकांचा विश्वास होता, पण नाशिक, सांगली किंवा नांदेडच्या माणसाला चांगली खानावळ कोणती हे एस.टी. स्टँडवरचा पानवाला सांगत असे. तिथून आपण थेट ॲपवरच्या ताऱ्यांवर येऊन पोहोचलो. मधला टप्पा, म्हणजे स्वतःचे पैसे देऊन जेवणाऱ्या, नियम पाळणाऱ्या आणि चुकल्यास जाब देणाऱ्या मार्गदर्शकाचा, आपल्या वाट्याला जवळजवळ आलाच नाही.

म्हणून मायदेशी चालणारी 'कागद की मोबाइल' ही चर्चा मला नेमकी वाटत नाही. कागदात जादू नव्हती. पुस्तक छापून हाती येईपर्यंत आचारी बदललेला असे, एखादे हॉटेल बंदही पडलेले असे, आणि मी स्वतः एकदा समुद्रकाठच्या एका गावात पुस्तक हातात धरून कुलूप लावलेल्या दारापुढे पावसात उभा राहिलेलो आहे. फोनवर ती नोंद त्याच दिवशी दुरुस्त झाली असती. पण कागदामुळे काही शिस्त आपोआप पाळली जाई. पाने मोजकी असल्यामुळे एकाला घ्यायचे तर दुसऱ्याला वगळावे लागे, आणि वगळण्याची जबाबदारी संपादकाच्या नावावर असे. वर्ष मुखपृष्ठावर छापलेले असल्यामुळे मत कधीचे आहे याविषयी शंका नसे. आणि एकदा छापलेले मत गुपचूप बदलता येत नसे. संकेतस्थळावर नोंद बदलली की आधीची नोंद वाचकाच्या हातातून निसटते. माझ्या कपाटातली जुनी प्रत मात्र पंधरा वर्षांपूर्वी काय म्हटले होते ते आजही तसेच सांगते.

संपादक आणि जबाबदारी दोन्ही काढून घेतल्या तर काय होते, ते लंडनने २०१७ मध्ये पाहिले. उबा बटलर नावाच्या पत्रकाराने डलिच भागातल्या एका बागेतल्या, आपण राहत असलेल्या शेडला हॉटेल म्हणून ट्रिपॲडव्हायझर या गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर नोंदवले आणि ओळखीच्यांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले. काही महिन्यांत ते अस्तित्वातच नसलेले हॉटेल लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. पोस्टगेटची अनोळखी गिऱ्हाइकांची फौज आणि ही फौज यांत फरक एवढाच की पहिलीला सही करावी लागे आणि तिचे पत्र संपादक वाचत असे.

आता मावसभावाची अडचण सांगतो, कारण ती मला जास्त जवळची वाटते. एका ॲपवर त्याच्या मिसळीचे गुण ४.३ वरून ३.९ वर आले आणि पुढच्या दोन आठवड्यांत ऑर्डरी स्पष्ट कमी झाल्या. अभिप्राय उघडून पाहिले तर तक्रारी रस्सा सांडल्याच्या आणि पाव गार पोहोचल्याच्या होत्या. तर्री, मटकी, कांदा, फरसाण यांविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता. पोहोचवणाऱ्याच्या उशिराचे माप आचाऱ्याच्या पदरात पडले. याउलट गेल्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका हॉटेलात बिलासोबत मला क्यूआर कोडची चिठ्ठी मिळाली : पाच तारे द्या आणि गुलाबजाम मोफत घ्या. वाढणारा पोरगा माझ्या शेजारी उभा राहून मी तारे देतो की नाही ते पाहत होता. त्याला टार्गेट दिलेले असणार, म्हणून त्याच्यावर रागावता येईना. पण त्या हॉटेलच्या ताऱ्यांवर मी यापुढे कसा विश्वास ठेवू?

मुळात आपल्याकडे गुण देणारा आणि कमिशन घेणारा एकच झाला. झोमॅटो २००८ मध्ये 'फूडीबे' या नावाने सुरू झाले ते हॉटेलांची मेन्यूकार्डे स्कॅन करून लोकांना दाखवण्यासाठी. २०१२ मध्ये त्यांनी एका बँकेबरोबर छापील मार्गदर्शकही काढले होते. नंतर घरपोच जेवण हाच मुख्य धंदा झाला, आणि ज्या पडद्यावर तारे दिसतात त्याच पडद्यावर हॉटेलांकडून जाहिरातीचे आणि कमिशनचे पैसे येऊ लागले. हॉटेलमालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगी यांच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्यूरोचे ऑनलाइन अभिप्रायांविषयीचे मानक, आय.एस. १९०००, जाहीर झाले, पण ते ऐच्छिक ठेवले गेले. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून खोटे अभिप्राय लिहवून घेणे कायद्यानेच बंद झाले आहे आणि मोडणाऱ्या कंपनीला जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आपले मानकही सक्तीचे व्हावे असे मला मनापासून वाटते.

गुड फूड गाइडच्या नव्या रूपाविषयीही माझे काही आक्षेप आहेत. परीक्षक आजही ओळख न देता जातात आणि बिल मार्गदर्शकाच्या खिशातून भरले जाते, ही मुख्य गोष्ट त्यांनी सोडली नाही, याचे मला समाधान आहे. पण एक ते दहा हे जुने गुण जाऊन 'चांगले', 'फार चांगले', 'असाधारण' आणि 'जागतिक दर्जाचे' अशा चार पायऱ्या आल्या. पाचावरून चारावर घसरलेले स्वयंपाकघर वाचकाला पूर्वी लगेच कळे. आता 'फार चांगले' या रुंद पायरीवर बरेच चढउतार झाकले जातात. शिवाय नवे मालक हॉटेल व्यवसायातल्याच लोकांसाठी काम करतात, म्हणून त्या व्यवसायापासून अंतर राखल्याचे त्यांनी वर्षानुवर्षे दाखवून द्यावे लागेल. मी वर्गणी भरतो, आणि म्हणूनच हे विचारण्याचा हक्क मला आहे असे मी मानतो.

"आपल्याकडे जेवणाच्या सल्ल्यासाठी कोण पैसे देणार?" असे मावसभाऊ विचारतो. दर दिवाळीला दिवाळी अंक विकत घेणाऱ्या मराठी घरांविषयी हे इतक्या सहज म्हणता येत नाही. आणि ज्या संस्थेकडे असे काम शोभेल ती आपल्याकडे आहेच. १९७५ साली बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आदींनी उभी केलेली मुंबई ग्राहक पंचायत आज पन्नास वर्षे सभासदांच्या जोरावर चालते. शेजारपाजारची कुटुंबे संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, आणि आलेल्या धान्याची, तेलाची, साबणाची वाटणी स्वतः बसून करतात. माझ्या आईच्या संघाचे वाटप आमच्या हॉलमध्ये होत असे, आणि तूरडाळीत खडे निघाले तर पुढच्या महिन्यात ते पंचायतीला कळवायचे काम आईकडे असे. पोस्टगेटला देशभर जशी माणसे हवी होती तशीच ही माणसे आहेत, आणि तीही एकमेकांना ओळखणारी.

अशा संघांनी आपापल्या भागातल्या दहा खानावळींत, मालकाला न सांगता आणि स्वतःचे बिल भरून जेवावे, पोळी, भाजी, आमटी आणि पिण्याच्या पाण्याविषयी तारीख घालून लिहावे, आणि ते फोनवर वाचता यावे. जुनी नोंद पुसली जाऊ नये, नवी तिच्याखाली लागावी. पोहोचवण्याचे गुण वेगळे, जेवणाचे वेगळे. मी हे मावसभावाला सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "कोण आलं होतं ते मला कळणार नाही ना?" मी नाही म्हणालो. "मग माझं हॉटेल पहिल्या दहांत घ्यायला सांग." मी त्याला फॉर्मवरची ती ओळ वाचून दाखवली. त्याच्या मिसळीविषयी मला काही लिहिता येणार नाही.