नाव ठेवायला जागा द्या रे!

सर्व्हरला नाव द्यायचं एवढं साधं काम, त्यातपण प्रत्येकाचा वेगळा कायदा! डीएनएस (इंटरनेटवरच्या नावांची यंत्रणा) म्हणतं दोन टिंबांमधला तुकडा फार तर ६३ अक्षरांचा, अख्खं नाव २५३ पर्यंत चालेल, पॉसिक्स (युनिक्स छापाच्या सिस्टिमचं स्टँडर्ड) म्हणतं निदान २५५ तरी द्या, आणि आमचं लिनक्स बसलंय ६४ वर अडून, म्हणजे टीम, एन्व्हायर्नमेंट, रिजन सगळं कोंबून वर डोमेन लावलं की झालं, 'नेम टू लाँग'. बरं निदान तोंडावर नाही तरी म्हणतं, पण गेटहोस्टनेमला (मशीनचं नाव विचारायचं फंक्शन) बफर, म्हणजे नाव ठेवायची जागा, छोटा दिला तर नाव कापलेलं येऊ शकतं आणि शेवटी नल बाइट (नाव संपल्याची खूण) असेलच याची पॉसिक्स गॅरंटीच देत नाही, बोंबला! परवा तिसऱ्यांदा सगळ्या स्क्रिप्टा बदलल्या, तेपण फक्त ७ अक्षरं जास्त झाली म्हणून.