वास्तूंवरून देशांचा स्वभाव ठरवणाऱ्या मजकुराचा प्रतिवाद

नाशिकमधील पालकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर मोठ्या आवडीने पुढे पाठवला जात आहे. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, यावरून चिनी माणसांची एकजूट कळते. आयफेल टॉवर फ्रेंचांच्या सौंदर्यदृष्टीतून उभा राहिला. अमेरिकेने स्थलांतरितांच्या स्वागतासाठी स्वातंत्र्यदेवता उभारली. आणि आपल्याकडे मात्र ताजमहाल बांधणाऱ्यांचे हात तोडले गेले, म्हणजे आपल्याला कारागिरांची किंमत नाही, असा त्याचा आशय आहे. काही ठिकाणी तो मुलांना सामान्यज्ञान म्हणून पाठ करायला दिला जातो, म्हणून हे उत्तर.

भिंतीचा मुद्दा लगेच निकालात निघतो. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे आणि भिंतीची रुंदी जेमतेम काही मीटर. २००३ मध्ये अवकाशात गेलेले चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनी, पृथ्वीच्या कक्षेतूनही आपल्याला भिंत दिसली नाही, असे परतल्यावर सांगितले. एकजुटीचे म्हणाल, तर १६४४ मध्ये उत्तरेकडून चालून आलेल्या मांचू सैन्याला याच भिंतीतल्या शानहायग्वानच्या खिंडीतून आत घेणारा वू सांगुई हा चीनच्या मिंग घराण्याचाच सेनापती होता.

आयफेल टॉवरचे बांधकाम नुकतेच सुरू झाले असताना, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पॅरिसमधील नामवंत लेखक-कलावंतांनी त्याविरुद्ध जाहीर निषेधपत्र छापले. त्यावर कथाकार मोपासाँ, संगीतकार गुनो आणि पॅरिसच्या ऑपेराचे वास्तुशिल्पी गार्निए यांच्या सह्या होत्या. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या या मनोऱ्याला परवानगी अवघ्या वीस वर्षांची होती. तो पुढे टिकला, यात बिनतारी संदेशवहनासाठी झालेल्या त्याच्या उपयोगाचा वाटा मोठा आहे.

स्वातंत्र्यदेवतेबाबतचे विधान मला सर्वाधिक खटकते, कारण त्यात खरा इतिहास झाकला जातो. पुतळा ही फ्रान्सची भेट. कल्पना गुलामगिरीविरोधी विचारवंत लाबुले यांची, शिल्प बार्तोल्दी यांचे आणि आतला लोखंडी सांगाडा आयफेल यांचा. देवतेच्या पायाशी तुटलेली साखळी आहे, ती मुक्तीची खूण. अमेरिकेच्या वाट्याला चौथऱ्याचा खर्च होता आणि तोही जमेना; अखेर १८८५ मध्ये पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले, देणगी कितीही लहान असली तरी देणाऱ्याचे नाव छापण्याचे वचन दिले, आणि १,२०,००० हून अधिक लोकांनी, बहुतेकांनी एक डॉलरपेक्षाही कमी देऊन, सुमारे एक लाख डॉलर उभे केले. स्थलांतरितांचे स्वागत करणारी एमा लॅझरस यांची कविता चौथऱ्यावर बसवली गेली ती १९०३ मध्ये. १८८६ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा १८८२ चा कायदा तिथे लागू होता.

ताजविषयीच्या कथेला एकही समकालीन पुरावा नाही. ताजची रचना ज्यांच्या नावे सांगितली जाते ते उस्ताद अहमद लाहोरी हेच दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या उभारणीतही होते, आणि ते काम ताजच्या संकुलावरील काम संपण्याआधीच, १६३९ मध्ये, सुरू झाले. सुलेखनकार अमानत खान यांना तर ताजच्या आतल्या लेखात स्वतःची सही करू दिली गेली. हात तोडणाऱ्या बादशहाकडे असे घडले नसते. ही कथा सांगणारे कारागिरांविषयी कळवळा दाखवतात, पण त्यांचे पुढचे सारे काम मात्र पुसून टाकतात.

आपल्या शहरातील शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की हा मजकूर पाठ करून घेण्याऐवजी त्यांनी मुलांना पांडवलेणीवर न्यावे. तिथे तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचा क्षहरात या शत्रू राजघराण्याचे निर्दाळण करणारा म्हणून गौरव केला आहे. जवळच दहाव्या लेण्यात त्याच क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात याने दिलेल्या दानांची नोंद आहे. आणि सतरावे लेणे खोदवणारा इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडून आलेला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतो. मुलांनी हे तिन्ही लेख पाहावेत आणि मग त्या डोंगराविषयी आपल्या शब्दांत लिहावे.