वेरूळचे सहाशे, लूव्रचे बत्तीस

१४ जानेवारी २०२६ पासून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या तिकिटाला दोन भाव आहेत. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या (युरोपीय संघ, आइसलँड, लिश्टेनस्टाइन, नॉर्वे) देशांचे नागरिक आणि तिथले रहिवासी यांना २२ युरो, बाकी सगळ्यांना ३२. व्हर्सायचा राजवाडा, सँत-शापेल हे जुनं चर्च, शांबोरचा राजवाडा इथेही असाच फरक सुरू झाला आहे. मी इथे भारतीय पासपोर्टवर राहते. फ्रान्सचं रहिवासी कार्ड असल्यामुळे मला २२ पडतात. उन्हाळ्यात नाशिकहून येणाऱ्या मावशी-काकांना ३२ पडणार.

ही बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर पोचली तेव्हा एकदम दोन सूर उमटले. एक संतापाचा: यांनी आपल्याला पुन्हा लुटायला घेतलं, हा उघड भेदभाव आहे. दुसरा मावशीचा, व्यवहारी: मग सरळ तो म्युझियम पासच (अनेक संग्रहालयांना चालणारं एकत्र तिकीट) काढून टाकू का, म्हणजे एकदाच काय ते पैसे जातील? मला दोन्हींना उत्तर द्यावंसं वाटतं, कारण पास घ्यायचा की नाही हा हिशेब आता या दुहेरी भावापासून वेगळा काढता येत नाही.

आधी संतापाचं. वेरूळच्या तिकीट खिडकीवर २०१८ पासून भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६०० रुपये आहेत. अजिंठ्याला तेच. बीबी का मकबरा आणि देवगिरीचा किल्ला यांना २५ आणि ३००. सार्क आणि बिमस्टेक या शेजारच्या देशांच्या गटांतून आलेल्यांना भारतीय भाव लागतो, पंधरा वर्षांखालच्या मुलांना कुठेच तिकीट नाही. वेरूळ-अजिंठ्याचा फरक पंधरा पटींचा आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांना तो रास्त वाटतो. मलाही वाटतो. गंगापूर किंवा सिल्लोडहून आलेल्या शेतकरी कुटुंबाला कैलास लेणं बघायला दोनदा विचार करावा लागू नये, यासाठी ४० रुपये हा भाव टिकलाच पाहिजे. पण मग आपल्या दारात जो नियम आपण योग्य मानतो, तोच लूव्रच्या दारात आपल्याला लागला की अन्याय कसा होतो, हे मला ग्रुपवर कुणी सांगू शकलं नाही.

त्यावर काकांनी जे म्हटलं, ते मात्र विचार करण्यासारखं होतं. युरोपातल्या माणसाला ६०० रुपये म्हणजे सहा युरोच्या आसपास, तेवढे तो इथे एका सँडविचवर घालवतो. आपल्याला ३२ युरो म्हणजे माणशी तीन हजारांच्या वर, आणि चौघांचं कुटुंब आलं तर एका सकाळीत बारा हजारांपेक्षा जास्त. काकांचं म्हणणं खरं आहे. नुसत्या पटीत बघितलं तर आपण फार कठोर आणि फ्रेंच फार सौम्य दिसतात, कारण २२ आणि ३२ मध्ये दीडपटसुद्धा फरक नाही. खिशाकडे बघितलं की चित्र उलटं होतं. वेरूळचा परदेशी भाव बहुतेक परदेशी पर्यटकांना जाणवतही नाही. लूव्रचा परदेशी भाव भारतीय, केनियन, इजिप्शियन माणसाला चांगलाच जाणवतो, आणि अमेरिकन माणसाला तितका नाही. म्हणजे एकाच परदेशी रांगेत श्रीमंत आणि बेताची मिळकत असलेले असे दोघेही उभे राहतात आणि नियम त्यांच्यात फरक करत नाही.

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकते. वेरूळचं लेणं वेरूळच्याच डोंगरात खोदलेलं आहे. तिथल्या माणसाचा त्याच्यावर आधी हक्क आहे असं म्हणायला जागा आहे. लूव्रमध्ये इजिप्तमधल्या सक्कारा इथून आलेला बसलेला लेखनिक आहे, इराणमधल्या सुसा इथे सापडलेली हम्मुराबीच्या कायद्यांची शिळा आहे. कैरोहून आलेल्या माणसाने आपल्याच पूर्वजाची मूर्ती बघण्यासाठी पॅरिसच्या माणसापेक्षा दहा युरो जास्त द्यावेत, याचं समर्थन मला जमत नाही. जगभरातून गोळा केलेल्या वस्तू दाखवणारं संग्रहालय स्वतःला साऱ्या जगाचं म्हणवतं, मग त्याचा दरही साऱ्या जगाला एकच असायला हवा. लूव्रच्या कर्मचारी संघटनांनीही या दराला विरोध केला आहे.

तरी याला मी लूट म्हणणार नाही. जुन्या इमारतीची डागडुजी आणि गर्दीची नवी सोय यासाठी कोट्यवधी युरोंचं काम निघालं आहे, त्याची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी संग्रहालयात उभं राहून केली होती, आणि वाढीव दर त्याच घोषणेचा भाग होता. पैसा कुठे जाणार हे आधी सांगितलं गेलं. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याच्या तिकिटांचा पैसा केंद्राच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि खात्याला अंदाजपत्रकातून वेगळी रक्कम मिळते. परदेशी माणसाच्या ६०० रुपयांतलं काय वेरूळला परत आलं, हे त्या खिडकीवर उभं राहून कुणालाच सांगता येत नाही. दराच्या आकड्यावर आपण जितकं भांडतो त्याच्या निम्मं जरी यावर भांडलो असतो तर लेण्यांचं भलं झालं असतं.

आता मावशीचा पास. पॅरिस म्युझियम पास दोन, चार किंवा सहा दिवसांचा मिळतो, आणि हे दिवस तासांनी मोजतात: ४८, ९६, १४४. पहिल्या दारात तो वाचला गेला की घड्याळ सुरू होतं आणि मध्ये थांबत नाही. पॅरिस आणि आसपासची पन्नासहून अधिक ठिकाणं त्यात येतात, प्रत्येक ठिकाणी एकदाच प्रवेश. आयफेल टॉवर त्यात नाही. मेट्रो-बस नाही. सेन नदीतली बोट नाही. लूव्रसाठी पास असला तरी वेळ वेगळी आरक्षित करावीच लागते, नाहीतर पास हातात घेऊन बाहेर उभं राहण्याची वेळ येते. सुरक्षा तपासणीची रांग पासधारकालाही चुकत नाही. हे सगळं पासच्या माहितीत लिहिलेलं असतं, पण भारतातून घाईत पैसे भरणारा माणूस ते वाचत नाही आणि इथे आल्यावर फसवल्यासारखा वागतो. मी दर उन्हाळ्यात ओळखीच्या कुणाकडून तरी ही तक्रार ऐकते.

परदेशी भाव वाढल्यामुळे पासचा हिशेब भारतीयांसाठी आधीपेक्षा बरा झाला, हे खरंच आहे. लूव्रचे ३२, ओर्से संग्रहालयाचे १६, त्यात सँत-शापेल आणि व्हर्साय धरलं की सुट्या तिकिटांची बेरीज झपाट्याने वाढते. पण दोन दिवसांचा पास वसूल व्हायला साधारण रोज दोन मोठी ठिकाणं बघावी लागतात, आणि लूव्र हे दोनपैकी एक म्हणून उरकण्याचं ठिकाण नाही. एकट्या लूव्रमध्ये काकांचे गुडघे दुपारपर्यंत बोलायला लागतील. चार दिवसांच्या पासची किंमत दोन दिवसांच्या दुप्पट नसते, त्यामुळे घ्यायचाच तर तो घ्यावा. रोज एक मोठं आणि एक लहान ठिकाण असं शांतपणे बघून तो वसूल होतो. कॉलेजात शिकणारी, सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सहापर्यंत चालणारी, चित्रांत खरोखर रस असलेली मुलं असतील तर मी डोळे मिटून चार दिवसांचा पास घ्या म्हणेन. ज्यांना लूव्र, एक राजवाडा आणि बाकी शहर बघायचं आहे, त्यांनी सुटी तिकिटं काढावीत.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पास विकत घेऊ नका. कुठल्याही देशाचं मूल असो, लूव्रला, ओर्सेला आणि सगळ्या राष्ट्रीय संग्रहालयांना त्याला प्रवेश फुकट आहे, फक्त वयाचा पुरावा हवा. पासपोर्ट पुरतो.

फुकट गोष्टींची यादी इथे पासइतक्या जोरात कुणी विकत नाही, म्हणून ती मी इथल्या प्रत्येक पाहुण्याला स्वतः सांगते. पॅरिस महापालिकेच्या बहुतेक संग्रहालयांतली कायमची दालनं सगळ्यांना मोफत आहेत, पासपोर्ट कुठलाही असो. शहराचा इतिहास सांगणारं कार्नाव्हाले आणि चित्रशिल्पांचं पती पाले ही दोन मला तर गर्दीच्या लूव्रपेक्षा मावशीसाठी जास्त योग्य वाटतात: बसायला जागा, थांबायला वेळ, आणि पती पालेच्या मधल्या बागेत चहा. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलेल्या नोत्र दाम चर्चमध्ये प्रवेश मोफत आहे. साक्रे कर चर्चमध्येही. ओर्से आणि ओरांजरी ही संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात. लूव्र पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर, जुलै-ऑगस्ट सोडून. या दिवशी गर्दी भयंकर असते, पण चौघांचे बारा हजार वाचत असतील तर आधी आरक्षण करून ती सोसायला हरकत नाही.

मेट्रोचं वेगळं बघावं. नाव्हिगो या पॅरिसच्या मेट्रो-बस कार्डाचा आठवड्याचा पास सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो, तुम्ही कधीही घ्या. शुक्रवारी उतरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, सोमवारी उतरणाऱ्याला उत्तम.

आणि वार. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद. गंमत म्हणजे वेरूळही मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, त्यामुळे मावशीला हे लक्षात ठेवायला एकदाही सांगावं लागलं नाही.

या सगळ्यावर ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की आपल्याकडेही असा एक पास हवा, मग बघा परदेशी कसे येतात. मला पास हवा आहे, पण परदेशी पर्यटकांसाठी आधी नको. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावायची, तिथे एकदा पैसे भरायचे, मग बसचं तिकीट काढायचं, मग वर पोचून लेण्यांच्या तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं. उन्हात म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन आलेल्या घरासाठी या तीन खिडक्या म्हणजेच त्या दिवसाचा थकवा. संभाजीनगरच्या परिसरात अजिंठा, वेरूळ, देवगिरी, मकबरा आणि औरंगाबाद लेणी ही सगळी ठिकाणं एकाच पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. त्यांचा आणि एसटीचा मिळून एक पास निघू शकतो. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना चार आणि सात दिवसांची आहेच; तिच्यासारखाच पण लेण्यांसकट असा सात दिवसांचा पास सोलापूरच्या शिक्षकाला परवडेल अशा किमतीत द्यावा. तासांनी मोजणारा तर अजिबात नको. पॅरिसचा पास घाई विकतो. वेरूळला एका दिवसात चौतीस लेणी बघून परत फिरणाऱ्या माणसाने कैलास बघितलं असं मला वाटत नाही.

परदेशी माणसाला वेगळा दर ठेवायचा असेल तर तोही ठेवावा, पण चेहरा बघून नव्हे. मणिपूर, नागालँड, लडाखच्या लोकांना आपल्याच देशातल्या स्मारकांच्या दारात अडवून भारतीय असल्याचा कागद मागितल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. माझ्या चुलतभावाला, जो तीस वर्षं न्यू जर्सीत राहतो आणि अमेरिकन नागरिक आहे, वेरूळला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. ओसीआय कार्डामुळे (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) त्याला भारतीय दर नियमानेच लागू आहे, पण ते कार्ड खिशातून काढायचीही वेळ त्याच्यावर आली नाही. लूव्रचा दर मला जाचक वाटतो, तरी तिथे कमी भावाच्या तिकिटासाठी माझ्यासारख्या सावळ्या बाईकडे आणि माझ्या सोनेरी केसांच्या शेजारणीकडे पुरावा सारखाच मागायचा असा नियम आहे. वेरूळच्या खिडकीवर भारतीय भाव मागणाऱ्या प्रत्येकाला आधार किंवा दुसरं ओळखपत्र विचारावं, नाशिकच्या काकांनासुद्धा, नाहीतर कुणालाच विचारू नये. आणि पुण्यात तीन वर्षं भाड्याच्या खोलीत राहून शिकणारा केनियाचा विद्यार्थी कोणत्या रांगेत उभा राहतो, हे त्याच पाटीवर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं असावं. माझं मत विचाराल तर, ४० रुपयांच्या.